रेंटन: चार-पाच हजार वस्तीच्या गावाचा वर्ल्ड चॅम्पियन क्लब बंद कसा पडला

१९ मे १८८८. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क (आत्ताचं नाही, त्याच नावाचं आधीचं मैदान), पाऊस नुसता कोसळतोय, विजा कडाडतायत आणि त्यात फुटबॉलची मॅच चालू आहे. एका बाजूला वेस्ट ब्रॉमविच अल्बियन, ज्यांनी नुकताच प्रेस्टन नॉर्थ एंडला हरवून इंग्लंडचा एफए कप घेतलाय, आणि दुसऱ्या बाजूला रेंटन, ज्यांनी फेब्रुवारीत स्कॉटिश कप घेतलाय. रेंटनने ती मॅच ४-१ ने मारली. मॅचला नावच होतं युनायटेड किंगडम आणि जगाची चॅम्पियनशिप, मग रेंटनवाल्यांनी घरी जाऊन आपल्या टॉन्टाइन पार्क मैदानाच्या पॅव्हेलियनवर 'चॅम्पियन ऑफ द वर्ल्ड' असा बोर्ड लावला.

आता हे रेंटन म्हणजे काय, तर स्कॉटलंडमधलं एक गाव. शहर नाही, तालुक्याचं ठिकाण पण नाही, त्या काळात चार-पाच हजार वस्तीचं, कपडा रंगवणाऱ्या कामगारांचं गाव. आणि या मॅचनंतर दहा वर्षांच्या आत हा क्लब लीगमधून बाहेर पडला, १९२२ मध्ये कायमचा बंद झाला. मला ही गोष्ट खूप वर्षांपूर्वी पहिल्यांदा कळली तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे की एवढं चांगलं खेळणारे लोक, गावाचं एवढं प्रेम, मग चुकलं कुठे? उत्तर शोधायला गेलं की हौशी-व्यावसायिक, लीग, गेटचे (म्हणजे तिकीटविक्रीचे) पैसे असं बरंच काही मध्ये येतं आणि गोंधळ होतो, म्हणून इथे एकेक करून सांगतो.

आधी 'जगाचे चॅम्पियन' हे जरा बघू, कारण ते ऐकून लोकांना वाटतं उगाच फुशारकी. पण १८८८ च्या मे महिन्यात जगात फुटबॉलची एकही लीग नव्हती, इंग्लंडचीच पहिली लीग त्या सप्टेंबरला सुरू झाली. फिफाचा वर्ल्ड कप यायला अजून ४२ वर्षं होती. नीट नियमाने, मोठ्या संख्येने, तिकीट लावून फुटबॉल खेळला जायचा तो बहुतेक ब्रिटनमध्येच, आणि ब्रिटनबाहेर जिथे होता तिथेही खेळणारे पुष्कळदा ब्रिटिशच. आपल्याकडचंच बघा, त्याच १८८८ साली शिमल्याला ड्युरंड कप सुरू झाला आणि त्याची पहिली फायनल झाली रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फंट्री यांच्यात, म्हणजे दोन्ही स्कॉटिश पलटणी. मुंबईचा रोव्हर्स कप त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ ला, तो पण पहिल्यांदा गोऱ्या पलटणीनेच नेला. तेव्हा स्कॉटलंडचा कपविजेता आणि इंग्लंडचा कपविजेता एकमेकांशी खेळले तर जिंकणाऱ्याने स्वतःला जगाचा चॅम्पियन म्हणावं यात मला तरी काही चूक दिसत नाही.

रेंटन आहे लीव्हन नदीच्या काठी. ही नदी लॉक लोमंड नावाच्या प्रचंड सरोवरातून निघते आणि जेमतेम दहा किलोमीटर वाहून डम्बार्टनला क्लाइड नदीला मिळते. या एवढ्याशा खोऱ्याला व्हेल ऑफ लीव्हन म्हणतात. पाणी मुबलक, मऊ आणि स्वच्छ, त्यामुळे अठराव्या शतकापासून इथे कापड धुणं, छापणं, रंगवणं याचे कारखाने आले आणि पुढे एका रंगासाठी हे खोरं जगभर ओळखलं जाऊ लागलं, तो म्हणजे टर्की रेड. भडक, पक्का लाल, धुतला तरी न उतरणारा आणि उन्हात न विटणारा. हा रंग बसवायचा म्हणजे आठवडेच्या आठवडे काम असायचं, कापड तेलात भिजवायचं, वाळवायचं, जुन्या पद्धतीत त्यात शेण पण असायचं, मग तुरटी, मग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचा रंग, मग परत धुणं. नंतर मुळाच्या जागी कारखान्यात केलेलं अलिझरिन आलं. रेंटनमध्ये कॉर्डेल आणि डलकर्न असे दोन मोठे कारखाने होते आणि गावातलं जवळजवळ प्रत्येक घर या ना त्या प्रकारे त्यांच्यावर चालायचं.

आणि हे कापड जायचं कुठे, तर सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आपण! लाल कपड्यावर मोर, कोयऱ्या, वेलबुट्टी छापून त्याच्या गासड्या मुंबई, कलकत्त्याला यायच्या आणि त्यावर आपल्याकडच्या बाजारासाठी खास रंगीत लेबलं चिकटवलेली असायची, काहींवर देवांची चित्रं. म्हणजे शनिवारी दुपारी कामावरून सुटून जी पोरं टॉन्टाइन पार्कवर धावत जायची, त्यांच्या आठवडाभराच्या मेहनतीचं कापड आपल्या पणजी-खापरपणजीच्या पेटीत असण्याची शक्यता आहे. हे कळलं तेव्हापासून मला हे गाव परकं वाटत नाही.

फुटबॉल तिथे आला १८७२ ला. त्याआधी खोऱ्यातली पोरं शिंटी खेळायची, म्हणजे वाकड्या काठीने चेंडू मारायचा हॉकीचा राकट भाऊ. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने १८७२ मध्ये या भागात येऊन फुटबॉल कसा खेळतात ते करून दाखवलं, आणि त्याच साली शेजारच्या अलेक्झांड्रियात व्हेल ऑफ लीव्हन नावाचाच क्लब निघाला, डम्बार्टनला डम्बार्टन क्लब आणि रेंटनला रेंटन. तिन्ही एका नदीवर, तासाभरात चालत जावं एवढ्या अंतरात. आणि मग या तिघांनी जे केलं ते वाचून थक्क व्हायला होतं. व्हेल ऑफ लीव्हनने १८७७, ७८, ७९ असा लागोपाठ तीनदा स्कॉटिश कप नेला, डम्बार्टनने १८८३ ला, रेंटनने १८८५ आणि १८८८ ला. बारा वर्षांत सहा कप एकाच छोट्या खोऱ्यात. ग्लासगो, एडिंबरा ही शहरं शेजारी असताना!

रेंटन तर पहिल्या दिवसापासून होतं. १८ ऑक्टोबर १८७३ ला स्कॉटिश कपची सगळ्यात पहिली मॅच झाली ती किल्मार्नॉक विरुद्ध रेंटन, आणि रेंटन जिंकलं. १८७५ ला फायनलला पोचले, क्वीन्स पार्ककडून हरले. १८८५ ला फायनल शेजाऱ्यांशीच, व्हेल ऑफ लीव्हनशी, पहिली मॅच ०-० आणि परत खेळवलेल्या मॅचमध्ये ३-१ ने रेंटन. १८८६ ला परत फायनल, परत क्वीन्स पार्ककडून हार. आणि १८८८ ला कॅम्बसलँगला ६-१ असं धुतलं. स्कॉटिश कपच्या फायनलमध्ये यापेक्षा मोठ्या फरकाने आजपर्यंत कोणी जिंकलेलं नाही, सेल्टिकने १९७२ ला फक्त बरोबरी केली.

ही टीम खेळायची कशी हे समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये बराच काळ पद्धत होती की चेंडू मिळाला की एकट्याने डोकं खाली घालून पळत सुटायचं. स्कॉटलंडमध्ये पास देऊन खेळायची पद्धत रुजली, आणि त्यात रेंटनचा जेम्स केली हा सेंटर हाफ म्हणजे सगळ्या खेळाचा कणा होता. दोन बॅक (बचावाला), तीन हाफ (मधल्या फळीत), पाच फॉरवर्ड (हल्ल्याला) अशी रचना, आणि मधला केली बचावाला मागे यायचा, चेंडू घेऊन पुढे हल्ल्यात पण जायचा, मधल्या जागेचा मालक असल्यासारखा. पुढची कित्येक वर्षं ब्रिटनमधल्या टीम याच रचनेने खेळल्या. फिटनेसवर पण या लोकांचा भर होता, त्यांचं एक पेय प्रसिद्ध होतं, 'चिकन ब्री', म्हणजे नावात कोंबडी पण सांगतात की त्यात असायचं पोर्ट वाइन आणि फेटलेलं कच्चं अंडं. ते पिऊन काय ताकद यायची देव जाणे, पण शनिवारी दुसऱ्या हाफमध्ये समोरचे दमायचे आणि रेंटनवाले पळत असायचे अशी त्यांची ख्याती.

आता गुंतागुंतीचा भाग. तेव्हा स्कॉटलंडमध्ये नियम असा की खेळाडू हौशी पाहिजे, खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत. इंग्लंडमध्ये १८८५ ला पैसे देणं कायदेशीर झालं, स्कॉटलंडमध्ये ते व्हायला १८९३ उजाडलं. मधली आठ वर्षं विचार करा. रंगाच्या कारखान्यात ओल्या कपड्यात हात घालून दिवस काढणारा पोरगा, त्याला सीमेपलीकडचा क्लब सांगतोय की ये, खेळ, पगार घे. तो का नाही जाणार? इंग्लिश क्लबचे एजंट या खोऱ्यात फेऱ्या मारायचे. तिकडे गेलेल्या स्कॉटिश खेळाडूंना 'स्कॉच प्रोफेसर' म्हणायचे, कारण ते इंग्लंडला पासिंग शिकवत होते. रेंटनचा बॅक अँड्र्यू हॅना एव्हर्टनला गेला आणि त्याच्या कॅप्टनशिपखाली एव्हर्टन १८९१ ला इंग्लंडचं लीग विजेतं झालं, पुढे तो लिव्हरपूलचा पहिला कॅप्टन झाला. बॉब केल्सो प्रेस्टन आणि एव्हर्टनकडून खेळला. गावाने घडवलेली माणसं, पण त्यांच्या बदल्यात गावाला एक पैसा मिळायची सोय नाही, कारण कागदावर ते सगळे हौशी, आणि हौशी माणूस कुठेही जायला मोकळा.

पण सगळ्यात मोठा घाव इंग्लंडमधून नाही आला, ग्लासगोतून आला. नोव्हेंबर १८८७ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या आयरिश कॅथलिक वस्तीत, गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला म्हणून एक नवा क्लब निघाला, सेल्टिक. हेतू चांगलाच, त्याबद्दल दुमत नाही. पण नव्या क्लबला खेळाडू पाहिजेत, आणि सेल्टिकची पहिली मॅच झाली २८ मे १८८८ ला. तारीख बघा. रेंटन जगाचे चॅम्पियन झाल्याला फक्त नऊ दिवस झाले होते, आणि सेल्टिकच्या त्या पहिल्या टीममध्ये जेम्स केली होता, रेंटनचाच नील मॅककॅलम पण होता. सेल्टिकच्या इतिहासातला पहिला गोल मॅककॅलमचा. केली मग सेल्टिकचा कॅप्टन झाला, पुढे चेअरमन झाला, आणि १९६७ ला सेल्टिकने युरोपियन कप जिंकला तेव्हा चेअरमन कोण, तर याच केलीचा मुलगा रॉबर्ट केली. शहराकडे मोठी वस्ती, कामं, केलीसारख्याला स्वतःचा पब काढता यावा अशी परिस्थिती, हे सगळं होतं. हौशीपणाच्या नियमात पगार बसत नव्हता, पण पब बसत होता. रेंटन असा काय पब देणार?

तरी क्लब खचला नाही हे मला विशेष वाटतं. उलट मार्च १८९० मध्ये रेंटनचा सेक्रेटरी पीटर फेअरली याने इतर क्लबांना पत्रं पाठवली की इंग्लंडसारखी आपण पण एक लीग काढू, भेटून बोलू. हे का गरजेचं होतं ते सांगतो. लीगच्या आधी क्लबचं वर्ष कसं असायचं, तर एक कप, त्यातून हरलात की बाहेर, आणि बाकी सगळ्या शनिवारी आपापसात ठरवलेल्या फ्रेंडली मॅच. समोरची टीम ऐनवेळी यायची नाही, किंवा उशिरा यायची, किंवा अर्धे खेळाडू दुसरेच घेऊन यायची, आणि मैदानावर जमलेले लोक वैतागून घरी. लीगमध्ये मात्र तारखा आधीच ठरलेल्या, प्रत्येक मॅचला पॉइंट, म्हणजे प्रत्येक मॅचला अर्थ आणि अर्थ आहे म्हणून गर्दी. ग्लासगोच्या ग्लासफर्ड स्ट्रीटवरच्या होल्टन्स हॉटेलात बैठक झाली आणि त्याच उन्हाळ्यात अकरा क्लब घेऊन स्कॉटिश लीग सुरू झाली. रेंटन, व्हेल ऑफ लीव्हन, डम्बार्टन तिघेही त्यात. क्वीन्स पार्कने नकार दिला, त्यांना दिसत होतं की हे प्रकरण पैशाकडे जाणार आणि छोटे क्लब यात चिरडले जाणार. 'स्कॉटिश स्पोर्ट' नावाच्या पेपरने तर लिहिलं की या लीगच्या नियमांना पैशाची दुर्गंधी येते. म्हणजे धोका कोणाला दिसत नव्हता असं नाही, पण रेंटनच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? खेळाडू जातायत, फ्रेंडलीचा भरवसा नाही, मग ठरलेल्या मॅचची हमी कोणाला नको असेल?

आणि ज्यांनी पत्रं पाठवली त्यांनाच पहिल्या सीझनला फक्त पाच मॅच खेळायला मिळाल्या. झालं असं की एडिंबऱ्याच्या सेंट बर्नार्ड्स या क्लबला, खेळाडूंना छुपे पैसे देतात म्हणून स्कॉटलंडच्या फुटबॉल असोसिएशनने सस्पेंड केलेलं. सस्पेंड क्लबशी कोणी खेळायचं नाही. मग 'एडिंबरा सेंट्स' अशा नावाची एक टीम उभी राहिली आणि रेंटन तिच्याशी एक फ्रेंडली खेळलं. असोसिएशनने ठरवलं की हे सेंट्स म्हणजे दुसऱ्या नावाने तेच सेंट बर्नार्ड्स आहेत आणि रेंटनने जाणूनबुजून नियम मोडला. शिक्षा काय, तर रेंटनला सरळ बाहेर काढलं, लीगमधल्या त्यांच्या पाचही मॅच रद्द, रेकॉर्डमधून पुसल्या. त्याच सीझनमध्ये चुकीचा खेळाडू उतरवला म्हणून सेल्टिकसह तीन क्लबांचे चार-चार पॉइंट कापले गेले, पण बाहेर कोणाला काढलं नाही. मला ही शिक्षा अतिच वाटते. सगळ्या स्कॉटलंडला माहीत होतं की पैसे सगळीकडे दिले जातात, आणि सापडलं कोण, तर सगळ्यात छोट्या गावाचा क्लब, ते पण पैसे दिले म्हणून नाही, पैसे देणाऱ्यांशी एक मॅच खेळले म्हणून.

रेंटन गप्प बसलं नाही. ते थेट कोर्ट ऑफ सेशनमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टात गेले आणि पुढच्या सीझनला, १८९१ ला, परत लीगमध्ये आले. गावच्या क्लबने असोसिएशनला कोर्टात ओढणं ही त्या काळात केवढी हिंमत! पण मधलं एक अख्खं वर्ष गेलं, मॅच नाहीत म्हणजे गेट नाही, आणि राहिलेले खेळाडू पण काही वाट बघत बसले नाहीत.

आता गेटचं गणित, कारण खरी मेख इथे आहे. रेंटनमध्ये चार-पाच हजार माणसं. त्यातून तान्ही पोरं, म्हातारी माणसं, ज्यांना फुटबॉलशी घेणंदेणं नाही ते, आणि शनिवारी घरकामातून सुटका नसलेल्या बायका वगळा, मग मैदानावर येऊन येऊन किती येतील? आणि आलेले सगळे कामगार, तिकीट किती लावणार? कारखाना मंदीत गेला की गर्दी त्याच आठवड्यात घटणार. बरं, शेजारच्या गावातून प्रेक्षक येतील म्हणावं तर शेजारी डम्बार्टन आणि अलेक्झांड्रिया, त्यांचे स्वतःचे क्लब. म्हणजे एका नदीवर तीन मोठे क्लब ही जी अभिमानाची गोष्ट होती तीच आता ओझं झाली. तिकडे ग्लासगोत लाखोंची वस्ती, ट्राम, रेल्वे, सेल्टिकने १८९२ ला नवं मोठं मैदान केलं. आणि मग १८९३ ला स्कॉटलंडमध्ये पगार कायदेशीर झाला. आतापर्यंत चोरून द्यायचे ते आता उघड द्यायचे, ज्याचं गेट मोठं त्याचा पगार मोठा, ज्याचा पगार मोठा त्याचे खेळाडू चांगले, त्याचं गेट अजून मोठं.

परिणाम लगेच दिसला. व्हेल ऑफ लीव्हनने १८९१-९२ च्या सीझनमध्ये एकही लीग मॅच जिंकली नाही, तीन कप नेलेला क्लब! रेंटनने १८९३-९४ ला १८ पैकी एक मॅच जिंकली आणि तळाला जाऊन सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या खालच्या गटात उतरलं. जगाचे चॅम्पियन होऊन सहा वर्षं झाली होती फक्त.

आणि तरी १८९५ ला या सेकंड डिव्हिजनच्या टीमने स्कॉटिश कपची फायनल गाठली. कपमध्ये असं होऊ शकतं, चार-पाच शनिवार जीव तोडून खेळायचं असतं, वर्षभराचा पगार लागत नाही. फायनलला समोर कोण होतं माहितीये? सेंट बर्नार्ड्स. ज्यांच्यापायी रेंटनला हाकललं होतं तेच. रेंटन २-१ ने हरलं, आणि त्यानंतर मोठी फायनल त्यांच्या नशिबी आली नाही.

शेवटी १८९७-९८ चा सीझन चालू झाला आणि चार मॅच खेळून रेंटनने लीगला कळवलं की आता आम्हाला झेपत नाही. त्यांच्या उरलेल्या मॅच हॅमिल्टन अकॅडमिकलला दिल्या, तो क्लब आजही आहे. योगायोग असा की त्याच सुमारास खोऱ्यातले तीन मोठे रंगाचे कारखानदार एकत्र येऊन युनायटेड टर्की रेड नावाची एकच कंपनी झाली, कारण स्पर्धेत एकेकट्याला त्यांना पण झेपेनासं झालं होतं. कंपन्या एकत्र आल्या, ती कंपनी १९६० पर्यंत टिकली. तिन्ही क्लब एकत्र आले असते तर, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पण व्हेल ऑफ लीव्हनवाल्याने रेंटनच्या नावाने ओरडायचं, रेंटनवाल्याने डम्बार्टनच्या? मला नाही वाटत कोणी तयार झालं असतं. गावकी ही गोष्ट त्या क्लबच्या जिवातच होती, ती काढली तर मग क्लब कशाला?

लीग सोडल्यावर पण रेंटन लगेच मेलं नाही, छोट्या स्पर्धांमध्ये अजून पंचवीस वर्षं खेळत राहिलं. महायुद्ध आलं, गेलं, आणि १९२२ मध्ये क्लब गुंडाळला. लीग सुरू करणाऱ्या अकरा क्लबांपैकी कॅम्बसलँग, काउलेअर्स, अ‍ॅबरकॉर्न आधीच गेले होते, थर्ड लॅनार्क १९६७ ला गेला. अखंड टिकलेल्यांत सेल्टिक, रेंजर्स, हार्ट्स, सेंट मिरेन ही नावं येतात, सगळे शहरांचे, आणि आपल्या खोऱ्यातला एकटा डम्बार्टन कसाबसा तग धरून.

ग्लासगोला कोणी राहत असाल किंवा फिरायला जाणार असाल तर एक सुचवतो. आत्ताच्या हॅम्पडेन स्टेडियममध्ये स्कॉटिश फुटबॉल म्युझियम आहे, १८८८ चा तो चॅम्पियनशिप ऑफ द वर्ल्डचा कप तिथे आहे, एवढ्या मोठ्या नावाच्या मानाने अगदी छोटा, चटकन नजरेतून सुटेल असा. तो बघा आणि मग बालोकला जाणारी लोकल पकडा, डॅलरीच गेलं की पुढचं स्टेशन रेंटन. टॉन्टाइन पार्कच्या जागी आता घरं आहेत. नदी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.